मे २०२१ : लशीची रांग कोणी लावली?

करोनाची लस कमी आणि माणसे जास्त असताना आधी कोणाला, या प्रश्नाचे भारत सरकारने २०२१च्या सुरुवातीला दिलेले उत्तर मला आजही पटते. १६ जानेवारीपासून आरोग्य कर्मचारी, फेब्रुवारीत पोलीस आणि सफाई कामगार, १ मार्चपासून साठीच्या पुढचे नागरिक व मधुमेह-हृदयविकारासारखे आजार असलेले पंचेचाळिशीपुढचे लोक, असा तो क्रम होता.

१ मे रोजी १८ ते ४४ वयोगटाला लसीकरण खुले झाले आणि हा क्रम विस्कटला. उत्पादनाचा निम्मा वाटा राज्ये आणि खासगी रुग्णालये यांच्यासाठी ठेवण्यात आला. पुण्यात तयार होणारी कोविशिल्ड केंद्राला १५० रुपयांना, राज्यांना ३०० रुपयांना आणि खासगी रुग्णालयांना ६०० रुपयांना, असे एकाच लशीचे तीन भाव झाले. महाराष्ट्राने लस या गटालाही मोफत देण्याचे जाहीर केले खरे, पण साठाच नसल्याने मेच्या मध्याला या गटाचे लसीकरण थांबवून त्यांच्यासाठीची लस पंचेचाळिशीपुढच्यांच्या दुसऱ्या मात्रेकडे वळवावी लागली. टीका झाली, तरी तो निर्णय योग्यच होता.

खरी गफलत मला नोंदणीत दिसते. या वयोगटाला सुरुवातीला कोविन या सरकारी नोंदणी संकेतस्थळावर आगाऊ वेळ घेतल्याशिवाय लस मिळत नव्हती, आणि ते संकेतस्थळ तेव्हा मराठीत नव्हते. स्लॉट उघडले की काही क्षणांत संपत. आमच्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राबाहेर त्या दिवसांत शहरातून आलेल्या गाड्यांची रांग असे, आणि केंद्राला लागूनच राहणारी माणसे कुंपणापाशी उभी राहून आपले नाव यादीत का नाही, असे आशाताईंना विचारत. त्या बिचाऱ्या काय सांगणार? वास्तविक ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत २०२०च्या सप्टेंबरपासून घरोघरी जाऊन कोणाला कोणता आजार आहे, याची नोंद झालेलीच होती. त्या नोंदींवरून गावनिहाय टोकन देता आले असते.

३१ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या याच डिजिटल दरीवर बोट ठेवले, आणि २१ जूनपासून केंद्राने ७५ टक्के लस स्वतः विकत घेऊन राज्यांना मोफत देण्यास सुरुवात केली. वाटपाचे निकषही ठरले : लोकसंख्या, रुग्णभार, लसीकरणाची प्रगती, आणि लस वाया गेल्यास वजावट. हा शेवटचा निकष शहरातल्या गजबजलेल्या केंद्राला सोपा होता. कोविशिल्डच्या एका वायलमध्ये, म्हणजे कुपीत, दहा मात्रा असत आणि ती उघडल्यावर चार तासांत वापरावी लागे. दुर्गम उपकेंद्रावर पाड्यावरून पायी आलेली तिघेच माणसे समोर असताना वायल उघडली, तर सात मात्रा वाया गेल्याची नोंद होणार. न उघडता त्यांना परत पाठवले, तर तशी नोंद कुठल्याच रकान्यात होत नव्हती.