नऊ वार की नऊ मीटर?

येवल्याच्या एका पैठणी विणणाऱ्या काकांचा डिजिटल कॅटलॉग मी पुण्यात बसून करत होते. पहिली पानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली आणि दहाव्या मिनिटाला फोन. "ताई, माझा रामा रंग, तो हिरवा-निळा, कुठाय? हा तर शेवाळी झालाय."

मागच्याच आठवड्यात मॉनिटर कॅलिब्रेट केला होता, म्हणजे त्याचे रंग अचूक लावून घेतले होते, त्याचा थोडा माज होता. म्हटलं, "काका, फोनचं नाइट मोड बंद करा, ते सगळं पिवळं करतं." काकांनी मुलाकडून बंद करून घेतलं. पिवळेपणा गेला, शेवाळ राहिलं. मग मुलाच्या फोनवर पाहिलं, मग सुनेच्या. तिन्हीकडे रामा मरगळलेलाच. तेव्हा कुठे मी स्वतःची फाइल तपासली.

फोटो आले होते अ‍ॅडोबी आरजीबीत, म्हणजे रंग आकड्यांत लिहायच्या एका पद्धतीत. जेपीजी काढताना मी ते एसआरजीबीत, म्हणजे फोन गृहीत धरतात त्या पद्धतीत, बदलले नव्हते, वर कुठली पद्धत ते सांगणारं प्रोफाइलही जोडलं नव्हतं. माझ्या फोटोशॉपची वर्किंग स्पेस, म्हणजे प्रोफाइल नसलं की ते धरून चालतं ती पद्धत, अ‍ॅडोबी आरजीबी, त्यामुळे मला तेच जेपीजी ठणठणीत दिसायचं. फोन मात्र तेच आकडे एसआरजीबीचे समजून वाचत होते. अ‍ॅडोबी आरजीबीचा पसारा हिरव्या-निळ्याकडे जास्त, म्हणून लाल काठ थोडाच मंदावला आणि रामाचं पार पाणी झालं.

हे काकांना कसं सांगावं? म्हटलं, "मी नुसतं नऊ लिहिलं. वार की मीटर, ते लिहायचं राहिलं."

"म्हणजे मीटरचं माप वारात मोजलं. कापड तोकडं पडणारच की!"

एवढं नेमकं मला कॉलेजातही कुणी समजावलं नव्हतं.

एसआरजीबीत बदलून, प्रोफाइल जोडून पानं पुन्हा पाठवली. "आता रामा आहे," काका म्हणाले, "पण रेशमाचा नाही." त्यांनी कुरिअरने दोन लडी धाडल्या, एक हिरवी, एक निळी. उभा धागा हिरवा, आडवा निळा. मॉनिटरशेजारी 5000 केल्विनच्या, म्हणजे दिवसाच्या उजेडाजवळच्या, ट्यूबखाली त्या एकत्र पिळून धरल्या, तर मनगट जरा वळवलं की रंग बदले. धूपछाँव! याला कुठलं प्रोफाइल जोडणार?

शेवटी त्या साडीचे दोन फोटो घेतले, एक समोरून, एक तिरका. पहिला कुठला लावायचा यावर काका-काकूंचं अजून जमलेलं नाही. लडी माझ्याच टेबलावर आहेत.