दाद कधी द्यायची?

नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्राच्या जमशेद भाभा थिएटरमध्ये सिंफनीचा पहिला भाग संपतो, कंडक्टरचे हात अजून खाली आलेले नसतात, आणि वरच्या बाल्कनीतून कुणीतरी कडाडून टाळ्या वाजवतं. एकटंच. दोन-चार माना वळतात, एखादी पारशी आजी चष्म्यावरून बघते, आणि टाळ्या जागच्या जागी विरतात. मला दर वेळी त्या माणसाची बाजू घ्यावीशी वाटते. ऐकलं, आवडलं, हात उठले. यात त्याचं काय चुकलं?

सगळे भाग संपेपर्यंत गप्प बसायचं, मधल्या फटीत फक्त खोकून घ्यायचं, असा तिथला दंडक. पण तो काही मुळापासूनचा नव्हे. १७७८ साली मोझार्टने पॅरिसहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात मोठ्या खुशीने सांगितलंय की, लोकांना हमखास आवडेल अशी एक जागा त्याने सिंफनीत घातली होती आणि वादन चालू असतानाच श्रोत्यांनी तिला दाद दिली. म्हणजे बाल्कनीतला आपला गडी मोझार्टला चालला असता. श्वास रोखून बसायची शिस्त नंतरची.

आपल्या बैठकीत तर गप्प बसणं म्हणजे गवयाचा अपमान. विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं चालू असतं, पुढे बसलेले काका मांडीवर मात्रा मोजत असतात, आणि गाणारी बाई सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, गाठण्याआधी अशी काही वळसा घेऊन येते की काकांच्या तोंडून ‘अरे!’ निघून जातं. ती त्यांच्याकडे बघून किंचित हसते आणि तीच जागा वेगळ्या अंगाने पुन्हा घेते. ही खरी दाद. तिने गाणं बदलतं. ती विसाव्या रांगेतून पोचत नाही, म्हणून मोठ्या सभागृहात तिची टाळी झाली. टाळीत मात्र सगळं एका मापाचं होतं. हल्ली तिहाई, म्हणजे तीनदा घेऊन समेवर आणलेला तुकडा, पडली की टाळी, मग ती कशीही पडो! सवाल-जवाबाला तर कडकडाट ठरलेलाच. मला ते जरा अतीच वाटतं.

जॅझचा श्रोता आपल्या काकांचा जवळचा नातेवाईक. मूळ धून एकदा वाजवून होते, मग एकेक वादक तिच्याच चौकटीवर, बहुतेकदा बत्तीस बारांच्या (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा गट), आपलं म्हणणं मांडतो. आवर्तनामागून आवर्तन. त्याचं संपलं की धून चालू असतानाच टाळ्या, आणि पुढचा उचलतो. निरंजन झवेरींच्या पुढाकाराने १९७८ साली धोबीतलावच्या रंगभवनात जॅझ यात्रा भरली, सॉनी रॉलिन्ससारखा सॅक्सोफोनवाला उघड्या आकाशाखाली वाजवून गेला. पुढे तो परिसर शांतता क्षेत्रात गेला आणि रंगभवन मुकं झालं. बाहेर रस्त्यावरचे हॉर्न मात्र आजही वाजतात.

धोबीतलावहून गिरगाव चालत फार तर पंधरा मिनिटं. एका टोकाला गोवेकरांच्या कुडी, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक खोल्या, जिथे खाटेखाली ट्रंकेशेजारी ट्रंपेट. दुसऱ्या टोकाला लक्ष्मीबागेतल्या मैफली आणि देवधर मास्तरांचा संगीत विद्यालयाचा व्याप. दोन्हीकडे माणसं बरीचशी एकाच एवढ्याशा गोव्याची. केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई अल्लादियाखाँसाहेबांकडे गाणं शिकल्या. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ होऊन ताजमध्ये ट्रंपेट वाजवू लागला. दोन्हीकडचे श्रोते एकमेकांच्या वाटेला फारसे गेले नाहीत. वादकांना मात्र पोट होतं, त्यामुळे ते भेटले, सिनेमाच्या रेकॉर्डिंगला. संगीतकार पेटीवर चाल ऐकवणार, चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेला गोवेकर अरेंजर ती कागदावर उतरवून व्हायोलिनवाल्यांत वाटणार, शेजारी सतार आणि तबला. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’तला (१९५१) स्विंग तिथलाच, चिक चॉकलेटच्या साथीचा.

आणि तिथे दादच नाही. लाल दिवा लागला की कितीही सुंदर तुकडा वाजू दे, हूं की चूं करायचं नाही. टेक वाया जाईल. तबकडीवर वादकांची नावंही नसत. संध्याकाळी पाकीट खिशात घालून घरी.

माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस या व्हायोलिनवादकाला हे पुरेना. त्याने रागांवर आधारलेल्या रचना ऑर्केस्ट्रासाठी लिहिल्या आणि १९५८ साली स्टुडिओतले वादक जमवून ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला. सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात, लोकांसमोर. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. एवढा पसारा फार काळ चालवणं एकट्याच्या आवाक्याबाहेरचं होतं. पुढे तो अमेरिकेला गेला.

त्याच्याकडे व्हायोलिन शिकलेला एक मुलगा मोठा होऊन लक्ष्मीकांत-प्यारेलालमधला प्यारेलाल झाला. १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’त त्याने गुरूचं नाव गाण्यात घातलं. तेव्हापासून वरातीतले बँडवाले ते गाणं वाजवताहेत, पोरं त्यावर नाचताहेत, आणि बहुतेकांना वाटतं की अँथनी गोन्साल्विस हे बच्चनने केलेलं एक पात्र आहे.