तळघरातला बार

ओहायोतल्या आमच्या तळघरात अक्रोडाच्या फळीचा कट्टा उभा करायला दोन वीकेंड पुरले. खरा जीव ओतला तो खालच्या, नळातून थंड बिअर देणाऱ्या पेटीत.

जुना आडवा डीप फ्रीझर घेतला. झाकण आणि पेटी यांच्यामध्ये लाकडी चौकट बसवून नळ त्यातूनच बाहेर काढले, कारण फ्रीझरच्या भिंतीला भोक पाडलं तर आतली थंडाव्याच्या गॅसची नळी फुटू शकते. वेगळा थर्मोस्टॅट लावून तापमान ४ अंश सेल्सिअसवर ठेवलं. आत १९ लिटरचे दोन केग, म्हणजे पेयाची धातूची पिंपं, आणि पेय नळापर्यंत ढकलायला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, दाब १२ पीएसआय (दर चौरस इंचाला १२ पौंड).

तरी पहिला ग्लास नुसता फेसाचा! थंड हवा तळाशी बसते आणि केगमधून नळाकडे जाणारी वरची नळी कोमट राहते. आत छोटा पंखा लावला, नळी १० फुटांची केली, तेव्हा कुठे बिअर नीट यायला लागली.

कळकळीने सांगतो, पेटी कट्ट्याखाली गच्च कोंबू नका. अशा फ्रीझरची उष्णता बहुधा बाजूच्या पत्र्यातूनच बाहेर पडते. मी चहूबाजूंनी तीन-चार इंच मोकळे सोडले, समोर जाळी लावली. झाकण वर उघडतं म्हणून पेटी बाहेर ओढायला खाली चाकंही.

दुसऱ्या केगात कोकम सोडा आहे. मुलं शाळेतून आली की दप्तर टाकून आधी तिकडेच पळतात.