शिळी बातमी

परवा दुपारी जॉर्ज वॉशिंग्टनच्या नावावरून एक कसर चालत गेली. अगदी सावकाश, घरचीच असल्यासारखी. मी लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’चा ऑक्टोबर १७८१चा सुटा अंक उघडून बसलो होतो. तेव्हाचा लांबट एस एफसारखा दिसतो, त्यामुळे अमेरिकेची काँग्रेस मी मनात ‘काँग्रेफ्स’ अशीच वाचतो. कागद चिंध्यांच्या लगद्याचा, अजून धडधाकट. माझे कॉलेजातले दिवाळी अंक मात्र हात लावला की खारी बिस्किटासारखे सांडतात.

हा अंक माझा लाडका, कारण त्याला काहीच माहीत नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १९ ऑक्टोबरला यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या फौजेने शस्त्रं खाली ठेवली, आणि लंडनला ते कळलं २५ नोव्हेंबरला. मधल्या दिवसांत हा अंक निघाला. आत युद्ध जोरात चालू आहे. पुढचा अंक मी मुद्दाम घेत नाही. विक्रेत्याला वाटतं, मी भाव पाडतोय.

आमच्या गावी मुंबईचं वर्तमानपत्र चारच्या एसटीने यायचं. कसोटीचा निकाल आदल्या दिवशीच रेडिओवर लागलेला. तरी आजोबा ओटीवर पहिल्या षटकापासून वाचत बसायचे. आजी म्हणायची, “हरले ते कळलंय ना? मग वाचता काय?”

“अगो, कसे हरले ते कुठे कळलंय!”

कुणी विचारतं, आपली लढाई सोडून हे परक्यांचं युद्ध कशाला जमवतोस? तर त्याच वर्षांत आपलीही इंग्रजांशी जुंपली होतीच की. जानेवारी १७७९मध्ये वडगावला कंपनीच्या फौजेला मराठ्यांनी तह करायला लावला. पण ते सगळं मोडी पत्रांत. मराठीत छापील वर्तमानपत्र यायला, म्हणजे ‘दर्पण’ निघायला, १८३२ उजाडलं. वडगावच्या बातमीचा मराठी अंक मिळाला असता, तर घर गहाण टाकलं असतं. मिळणार नाही हे माहीत असल्यामुळे बोलायला काय जातं!

असो. कसरीला चिमटीत धरायला गेलो तर ती मागच्या पानांत शिरली. तिथे गव्हाचे भाव, लग्नं, मृत्यू आणि महिन्याभरात दिवाळं निघालेल्यांची यादी. त्या यादीतली दोन नावं तिने कुरतडून साफ केलेली दिसली.

सुटले बिचारे.