कोड ६१३५

पहिलं बाळंतपण माहेरी. या एका रीतीनं माझ्याकडे जेवढं काम येतं तेवढं दुसऱ्या कशानंच येत नाही. दवाखान्यात केसपेपर काढायला मुलीचा भाऊ उभा असतो, तो सवयीनं तिचं माहेरचं नाव सांगतो आणि तेच पुढे बाळाच्या जन्मदाखल्यावर चढतं. पासपोर्टवर मात्र सासरचं नाव. लंडनमधल्या अधिकाऱ्यानं या दोन बायका एकच आहेत असं का मानावं? मग लग्नाचा दाखला काढा, प्रतिज्ञापत्र करा, नाहीतर जिथे जन्म नोंदवला तिथे जाऊन दुरुस्तीसाठी हेलपाटे घाला. मिरजेत दवाखाने उदंड, नर्सेस उदंड, त्यामुळे माझ्या ऑफिसात निम्म्या फायली त्यांच्याच. मी नोकरी लावून देत नाही. इंग्लंडच्या व्हिसासाठी कागद जुळवते, फॉर्म भरते.

२०२४ च्या पावसाळ्यात तासगावकडचं एक कुटुंब आलं. ती जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली, मिरजेतच एका खाजगी दवाखान्यात कामाला. सोबत नवरा, सासू आणि चार वर्षांचा मुलगा. बाळंतपण जतला माहेरी, म्हणजे दाखल्याचा घोळ होताच. बाकी फाईल मात्र नवऱ्यानं इतकी नेटकी लावली होती की बघून बरं वाटलं. ग्रामपंचायतीचा विवाह दाखला, सगळ्यांचे पासपोर्ट, आणि व्हिसाच्या नियमाप्रमाणे खात्यावर सलग २८ दिवस ठेवलेले पैसे: तिचे १,२७० पौंड, जोडीदाराचे २८५, पहिल्या मुलाचे ३१५, रुपयात हिशोब करून. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवरची नोकरी त्यानं आधीच सोडली होती. हे लोक का करतात मला कळत नाही. व्हिसा हातात यायच्या आधी राजीनामा!

मी सीओएस मागितलं. म्हणजे तिकडच्या मालकानं दिलेलं स्पॉन्सरशिपचं पत्र. ते नवऱ्याच्या फायलीत नव्हतं. तिनं पर्समधून काढलं, चार घड्या घातलेलं.

आता इथे सांगायला हवं. सगळे त्या पत्रावर पगार बघतात आणि हुद्दा बघतात. हुद्द्याच्या जागी मालक काहीही लिहू शकतो. बघायचा असतो तो कामाचा चार आकडी कोड. नर्सचा कोड २२ नं सुरू होतो. हिच्या कागदावर ६१३५ होता, म्हणजे केअर वर्कर. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची अंघोळ-जेवण बघणारी. काम कमी दर्जाचं नव्हे, पण ११ मार्च २०२४ पासून केअर वर्करना आणि त्यांच्यावरच्या सीनियरना नवरा-मुलांना सोबत न्यायला बंदी आहे. नर्सला नाही.

आणि त्या कोडखाली पेन्सिलीनं बारीक रेघ मारलेली होती.

मी काही बोलले नाही. नियम तेवढा समजावून सांगितला. सासू म्हणाली, "म्हंजे पोराला न्यायचं न्हाई व्हय?" नवऱ्यानं तिथल्या तिथे नोकरी लावून देणाऱ्या एजंटला फोन लावला, स्पीकरवर. "आधी तिला जाऊ दे रे, मग तुम्हाला बोलावून घेईल." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय! आधी गेली काय, नंतर बोलावलं काय, कोड तोच राहणार. नियम आल्यावर यानं पैसे घेतलेले, म्हणजे न कळून झालं म्हणायलाही जागा नाही. आपल्याकडे सरकारी नोंदणी असलेल्या एजंटला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घेता येतो. यानं आठ लाख घेतले होते, रोख, पावती नाही. द्राक्षाच्या पेटीमागं पाच रुपयांसाठी व्यापाऱ्याची गचांडी धरणारी आमची माणसं, एजंटपुढं पावती मागायला लाजतात.

मी दुसरा रस्ता सांगितला. तू नर्स आहेस, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे. इंग्रजीची परीक्षा दे, तिकडच्या नर्सिंग कौन्सिलची सीबीटी, म्हणजे कॉम्प्युटरवरची परीक्षा दे, नर्सच्या कोडवर जा, मग सगळे मिळून जाल. वर्ष तरी जाईल. नवऱ्याचा चेहरा खुलला. "मग तसंच करूया की."

"आणि आठ लाख?" ती पहिल्यांदा बोलली. मग माझ्याकडे वळून, "मॅडम, माझी एकटीची भरा. सीओएस मिळाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो ना?"

ही मुदत तिला कुणी सांगितली, असं तिथे कुणीही विचारलं नाही.

फाईल एकटीची भरली. ती गेली. माझ्या ऑफिसातली पोरगी ठामपणे म्हणते, तिनं घरच्यांना फसवलं. मला तसं वाटत नाही. पण काय वाटतं तेही धड सांगता येत नाही. घरात सांगितलं असतं तर 'वर्षभर थांब' म्हणाले असते. आठ लाखांचं व्याज थांबलं नसतं. शिवाय २२ जुलै २०२५ ला इंग्लंडनं परदेशातून नवे केअर वर्कर घेणंच बंद केलं. ती त्याआधी पोचली होती. की तिला खरंच एकटीला जायचं होतं, थोडे दिवस का होईना? तसं असलं तरी मी कोण विचारणारी?

तिकडे तिनं सीबीटीची तयारी सुरू केलीय असं कळतं. नर्सच्या कोडवर गेली तर नवरा-मुलाचा रस्ता मोकळा होईल, तो अजून बंद झालेला नाही. नवरा परत कोल्ड स्टोरेजवर लागलाय. मध्यंतरी जतहून दुरुस्त करून आणलेला जन्मदाखला दाखवायला आला. कागद बरोबर होता. उठता उठता थांबला.

"मॅडम, तिला आधीच माहीत होतं का हो?"

"तिलाच विचारा की."

"विचारलं. ती म्हणती, मॅडमना विचार."