रनरची चौकट अखेर सरळ!

तीन आठवडे छळणारी रनरची चौकट (मॉडेल किटचे सुटे भाग जिला जोडलेले येतात ती प्लास्टिकच्या दांड्यांची चौकट) आज सकाळी काचेवर ठेवली आणि चारही कोपरे टेकले. बोटाने दाबून पाहिलं, जराही डुगडुगली नाही. जपानमधल्या शिझुओका शहरात रस्त्यावर प्लामोन्युमेंट आहेत, म्हणजे न जोडलेल्या किटसारखी दिसणारी शिल्पं. त्यातल्या पत्रपेटीवाल्याची माझी छोटी प्रतिकृती आता खरंच पुढे सरकतेय.

१/१२ आकाराची पेटी केव्हाच झाली होती, अडलं होतं भोवतीच्या रनरवर. ३ मिमीच्या गोल स्टायरीन (प्लास्टिक) दांड्या पातळ सिमेंटने, म्हणजे प्लास्टिक विरघळवून चिकटवणाऱ्या गोंदाने, जोडल्या की संध्याकाळी काटकोन, सकाळी पीळ. सिमेंट मी सांध्याच्या आतल्याच बाजूने सोडत होतो. तिथलं प्लास्टिक विरघळायचं आणि सुकताना तीच बाजू आकसायची. दोष सिमेंटचा नाही, तामिया या शिझुओकाच्याच किट कंपनीच्या हिरव्या झाकणाच्या सिमेंटला माझ्याकडे आजही पर्याय नाही. दोन दिवस काचेखाली दाबून ठेवली, काढल्यावर पुन्हा पीळ. मग कोपऱ्यांत १ मिमी पितळी तार घातली. कोपरे वठणीवर आले, पण मधल्या दांड्या धनुष्यासारख्या वाकल्या. त्या दुकानातून आल्या तेव्हाच वाकड्या होत्या. दांड्या ऑनलाइन मागवू नका, हातात घेऊन, डोळ्यासमोर धरूनच घ्या.

उत्तर निघालं उरलेल्या रनरच्या पिशवीत. रणगाड्याच्या जुन्या किटची रिकामी चौकट, साच्यातूनच अख्खी आलेली. सांधाच नाही, तर पीळ कुठून पडणार? गेटचे, म्हणजे सुटे भाग जिथे जोडलेले असतात तिथले, खुंट जागेवर, कोपऱ्यात चौकटीचं ‘ए’ हे अक्षर असलेली पट्टीसुद्धा! खुंट निपरने (छोट्या कटरने) एका लांबीचे केले, ६०० च्या सँडपेपरने हलका हात फिरवला, बस.

पेटीची फटही कोरून आरपार केली. तिथल्या खऱ्या पेटीत पत्र टाकता येतं, मग माझी बंद कशी ठेवू? नखाएवढं पाकीट आत पडताना टक् असा आवाज येतो. दहा वेळा टाकून पाहिलं.

तळाला सिमेंटच्या फरशीचा पोत द्यायचा ठरलं होतं, पण हे लिहिता लिहिता बेत बदलला. शिझुओका आधी लाकूडकामाचं गाव. तामियाची सुरुवातही १९४६ मध्ये लाकडाच्या धंद्यातून झाली, प्लास्टिकचं पहिलं किट, यामातो युद्धनौका, आलं १९६० मध्ये. मग प्लास्टिकच्या या चौकटीखाली लाकूडच हवं. माळ्यावर जुन्या सागवानी पाटाचा तुकडा आहे. प्रायमर पावसाळी दमटपणामुळे तसाही थांबलाय, तोवर पाटाला रंधा मारून घेतो.