तीन तक्ते आणि एक इंटरसेप्शन

गेल्या हंगामात आमचा अमेरिकन फुटबॉलचा संघ हरत गेला आणि समर्थकांमध्ये दोष कोणाचा यावर चार तट पडले: कोणी चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला बोल लावला, कोणी त्याचे रक्षण करणाऱ्या पाच जणांच्या ऑफेन्सिव्ह लाइनला, कोणी फेकलेला चेंडू झेलणाऱ्या रिसीव्हर्सना, तर बहुतेकांनी चाली ठरवणाऱ्या ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरला. अमेरिकेच्या मिडवेस्टमधील एका विद्यापीठाच्या फुटबॉल विभागात सामन्यांचे चित्रीकरण कापून प्रत्येक चालीवर नोंदी करणे हे माझे काम असल्यामुळे सांगलीचे मित्रसुद्धा मला विचारत असत की, खरे काय ते तुला तर दिसतच असेल. एका शनिवारच्या इंटरसेप्शनपासून, म्हणजे आमचा फेकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याने झेलला तेव्हापासून, मला त्याची खात्री वाटेनाशी झाली आहे.

दूरचित्रवाणीचा कॅमेरा चेंडूच्या मागे फिरतो, म्हणून चेंडू हवेत जाईपर्यंत रिसीव्हर कुठे होते हे प्रेक्षकाला सहसा कळतच नाही. आम्ही बाजूच्या उंच मनोऱ्यावरून बावीसही खेळाडू एका चौकटीत धरतो आणि मैदानाच्या टोकाच्या एंड झोनच्या मागून लाइनची झटापट जवळून टिपतो. मग दोन्ही दृश्ये एकामागोमाग जोडून कितवी डाउन (दहा यार्ड पुढे सरकण्याच्या चार संधींपैकी कितवी), आणखी किती यार्ड जायला हवेत, चेंडू मैदानावरच्या कोणत्या हॅश खुणेपाशी, बचावाची रचना कोणती, असे रकाने भरतो. एवढे करूनही लोकांच्या हाती पडतात ते अधिकृत आकडेच, आणि ते आकडे फार फसवे असतात. कॉलेज फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक सॅक झाला, म्हणजे चेंडू फेकण्यापूर्वीच पाडला गेला, की गमावलेले यार्ड धावण्याच्या खात्यातून वजा होतात, व्यावसायिक एनएफएलप्रमाणे पासिंगमधून नव्हे. म्हणजे लाइन कोसळली तरी तो तोटा धावपटूंच्या बेरजेला लागतो. चेंडू फेकणाऱ्याची कामगिरी मोजणाऱ्या कॉलेजच्या पासर एफिशियन्सीच्या सूत्रात इंटरसेप्शनमागे २०० गुण कापतात, मग चेंडू रिसीव्हरच्या हातावर आदळून उडालेला असला तरीही. रिसीव्हरच्या नावावर इंटरसेप्शन टाकण्याची सोयच नाही.

त्या दिवशी तिसऱ्या डाउनला आठ यार्ड हवे होते. चालीत आतल्या बाजूच्या रिसीव्हरला धावता धावता निर्णय घ्यायचा होता: मैदानाचा मध्य मोकळा असेल तर तिरके खोल जायचे, तिथे सेफ्टी, म्हणजे बचावातला सर्वात मागचा खेळाडू, उभा असेल तर थांबून वळायचे. क्वार्टरबॅकनेही तेच पाहून, रिसीव्हर वळण्यापूर्वीच चेंडू सोडायचा. स्नॅपपूर्वी, म्हणजे चेंडू खेळात येण्याआधी, दोन सेफ्टी खोल उभे होते. स्नॅप होताच एक खाली उतरला आणि दुसरा मध्याकडे सरकू लागला, पण रेंगाळत. क्वार्टरबॅकने लगेच पाहून मध्य बंद धरला. रिसीव्हरने काही पावले पुढे जाऊन मान वर केली, तेव्हा सेफ्टी अजून मध्यावर पोहोचला नव्हता, म्हणून त्याने मध्य मोकळा धरला. त्यातच आमच्या लाइनमधला उजवा टॅकल मागे रेटला गेल्याने क्वार्टरबॅकला पाय पुढे टाकायला जागा उरली नाही आणि चेंडू थोडा लवकर सुटला. तो गेला तिथे आमचा कोणीच नव्हता, त्यांचा बचावपटू, कॉर्नरबॅक, होता. स्टेडियमभर हुर्यो उठली आणि ती अर्थातच क्वार्टरबॅकच्या नावाने.

आमच्याकडे प्रत्येक प्रशिक्षक आपापल्या गटातील खेळाडूंना दर चालीमागे अधिक किंवा उणे देतो आणि ते तक्ते मी एकत्र करतो. रविवारी दुपारी तीन तक्ते आले. क्वार्टरबॅकला अधिक, कारण त्याने सेफ्टी बरोबर वाचला. रिसीव्हरला अधिक, कारण त्यानेही जे दिसले त्याप्रमाणे बरोबर वाट धरली. टॅकललाही अधिक, कारण त्याच्या समोरचा माणूस शेवटपर्यंत क्वार्टरबॅकला शिवू शकला नाही. कोणाचीच चूक नव्हती आणि चेंडू मात्र प्रतिस्पर्ध्याकडे गेला होता. आपल्या गटातील मुलाला वाचवणे हा या प्रशिक्षकांचा स्वभाव मला ठाऊक आहे, पण या वेळी चित्रफीत पुन्हा पुन्हा मागे नेऊनही मला त्यांपैकी एकालाही खोटे ठरवता येईना. मग मी चालीचा मूळ कागद काढून पाहिला. सेफ्टीकडे पाहून ठरवा, एवढेच त्यावर लिहिले होते. कोणत्या क्षणी पाहायचे हे लिहिलेले नव्हते. कोऑर्डिनेटरला दोष देणारे समर्थक बहुधा त्याच्या चाली भित्र्या आहेत असे म्हणत. ही चाल भित्री मुळीच नव्हती, अर्धवट सांगितलेली होती.

कारणाच्या रकान्यात मी ‘नियम संदिग्ध’ असे लिहिले. सोमवारच्या बैठकीपूर्वी यादी उघडली तेव्हा तिथे क्वार्टरबॅकच्या जर्सीचा क्रमांक होता. यादीत बदल कोणी केला याची नोंद आमची प्रणाली ठेवत नाही, आणि बैठकीत तो विषय कोणी काढला नाही. पुढच्या सामन्यात त्याच चालीतला रिसीव्हरचा पर्याय काढून टाकलेला होता. त्याने सरळ ठरलेल्या जागी वळायचे होते. हंगाम संपल्यावर क्वार्टरबॅकने ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठाच्या संघात जाऊ इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, नाव घातले. तो रकाना मी अद्याप बदललेला नाही, आणि बदलायचा झाला तर पुन्हा तेच दोन शब्द लिहावेत की आणखी कोणाचे नाव, याचा निर्णय होत नाही.